किरणोत्साराच्या प्रॅक्टिकलमध्ये या चुका टाळा

किरणोत्सारी स्रोत टेबलावर ठेवण्याआधी रिकाम्या टेबलाचं रीडिंग घ्या. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी अर्धी बॅच ते गाळते. चार टिकटिकींनी काय बिघडतंय, असं त्यांना वाटतं.

काय बिघडतं ते सांगते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक जोडी सीझिअम-137 चा स्रोत आणि जी.एम. काउंटर (नळीत शिरलेले किरण मोजणारं यंत्र) घेऊन व्यस्त वर्गाचा नियम तपासत होती, म्हणजे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात किरण विरळ होतात हा. 10 सेंटिमीटरवर मिनिटाला 300 काउंट. अंतर तिप्पट, म्हणून नववा हिस्सा, म्हणजे 33 यायला हवेत, आले 60. काउंटर बिघडलाय असं ठरवून त्यांनी जर्नलमध्ये 60 खोडून 33 लिहिले. मी स्रोत शिशाच्या डब्यात परत ठेवायला लावला आणि दहा मिनिटं मोजायला सांगितलं. काहीही समोर नसताना मिनिटाला साधारण 30! विटा-सिमेंटमधलं युरेनिअम, थोरिअम, पोटॅशिअम-40 आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण, हे सगळं त्या नळीला कळतं. दोन्ही रीडिंगमधून 30 वजा करा: 270 आणि 30. आला की नववा हिस्सा! काउंटर खरं सांगत होता आणि त्यांनी खरा आकडाच खोडला. या गोष्टीचा मला अजून त्रास होतो. खाडाखोड केलेल्या जर्नलपेक्षा चुकलेला आलेख मला कधीही चालेल.

दुसरी घाई दहा सेकंदांच्या रीडिंगची. कुठलं केंद्रक कोणत्या क्षणी विघटित होईल हे सांगता येत नाही, त्यामुळे काउंटच्या वर्गमुळाइतके इकडेतिकडे होणारच: 100 मोजलेत तर 10, म्हणजे 10 टक्के. 10,000 मोजलेत तर चूक 1 टक्क्यावर येते. मी घड्याळ लावत नाही, हजार काउंट झाल्याशिवाय थांबत नाही. लांबच्या अंतराला सतरा मिनिटं लागली तर लागू देत.

तोंडी परीक्षेतल्या चुका नेहमीच्याच. बीटा कण कक्षेतला इलेक्ट्रॉन नव्हे. केंद्रकातल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना तो जन्मतो, म्हणून अणुक्रमांक एकाने वाढतो. गॅमाने अणुक्रमांकही बदलत नाही, वस्तुमानांकही नाही. आयोडीन-131 चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) 8 दिवस, म्हणून ते 16 दिवसांत संपत नाही, पाव उरतं.

विकिरण केलेला, म्हणजे टिकावा म्हणून किरण सोडलेला आंबा किरणोत्सारी होतो, हे तर शिकलेली माणसंही बोलतात. 2007 मध्ये अमेरिकेला गेलेल्या हापूसवर लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सोडले होते. त्या किरणांत आंब्यातली केंद्रकं किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जाच नसते. पापड उन्हात वाळवला म्हणून पापडातून ऊन येत नाही.

आणि अल्फा कण कागदानेही अडतो म्हणून निर्धास्त राहू नका. 2006 मध्ये लंडनला अलेक्झांडर लिटविनेन्को या माजी रशियन हेराचा जीव पोटात गेलेल्या पोलोनिअम-210 ने घेतला, आणि ते अल्फाच सोडतं. माझ्या प्रयोगशाळेत स्रोताची सीलबंद डबी उघडायची नाही, स्रोत चिमट्यानेच उचलायचा आणि निघताना हात साबणाने धुवायचे.