प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा: घरी पिक्चर का अडकतो?

रविवारी जेवणं आटोपून सगळं घर टीव्हीसमोर बसतं, पिक्चर सुरू होतो आणि दहाव्या मिनिटाला पडद्यावर गोल चाक फिरायला लागतं. लगेच नेटवाल्याला फोन जातो. पुढच्या महिन्यात प्लॅन वाढतो, चाक मात्र फिरतच राहतं. लोकांचे पैसे असे वाया जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार फुल एचडीला 5 आणि 4केला 15 एमबीपीएस वेग लागतो. म्हणजे 30चा साधा फायबर प्लॅनही एका टीव्हीला पुरून उरतो. अडचण बहुतेक वेळा राउटर आणि टीव्हीच्या मधल्या वाटेत असते.

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागात मावशीकडे गेलो होतो. कनेक्शन 100 एमबीपीएसचं, पण राउटर आतल्या खोलीत, लोखंडी कपाटावर, चादरींच्या गठ्ठ्यामागे. टीव्ही बाहेरच्या खोलीत, मधे जुनी जाड भिंत. मोबाइलवर वेग मोजला: राउटरपाशी 92, टीव्हीपाशी 4. राउटर काढून मधल्या दाराच्या वर, उघड्यावर लावला आणि टीव्हीपाशी 60 यायला लागला. मावशी म्हणाली, "मग मी दोनदा पैसे वाढवले ते कशाला रे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लोखंड वायफाय अडवतं आणि जाड भिंत ते शोषते. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. गठ्ठ्यात कोंबलेला राउटर तापतो आणि मधूनच बंद पडतो. त्याला उंच, मोकळी, वारा लागणारी जागा द्या.

पुढची चूक नावावरून होते. टीव्हीत एकाच राउटरची दोन नावं दिसतात आणि एकापुढे '5जी' असं असतं. मोबाइलच्या 5जीशी त्याचा काही संबंध नाही, तो 5 गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. त्याचा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे तो दमतो. टीव्ही त्याच खोलीत असेल तर हाच जोडा. दोन भिंती मधे असतील तर दुसरं नाव, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा, लांब पोचतो, फक्त अपार्टमेंटमध्ये शेजारपाजारच्या राउटरांची त्यावर गर्दी असते. जमत असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन वायर ओढा. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचाच असतो, तरी 4केला तो भरपूर झाला. काहीही बदललं की वेग टीव्हीपाशीच मोजा. फास्ट डॉट कॉमवर ते फुकट होतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवत असाल तर आधी हिशोब करा. फुल एचडीला तासाला साधारण 3 जीबी जातात. रोजचे 2 जीबी मध्यंतराच्या आतच संपतात! आणि नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, तेव्हा स्वस्त म्हणून घेण्याआधी पिक्चर कुठे बघणार ते ठरवा.

वळवाच्या पावसात लाइट जाते. टीव्ही इन्व्हर्टरवर सुरू राहतो, पण राउटरचा प्लग साध्या लाइनवर असतो, म्हणून पिक्चर थांबतो. राउटर आणि फायबरचा डबा (बाहेरून आलेली फायबर ज्यात जोडलेली असते तो), दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

आवाजाची तक्रार तर घरोघरी ऐकतो: गाणी कानठळ्या बसवतात आणि संवाद ऐकूच येत नाहीत. 5.1चा, म्हणजे थिएटरसारखा सहा स्पीकरांसाठी बनवलेला आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांतून वाजवला की बरेचदा असं होतं, कारण संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात आणि तो आपल्याकडे नसतो. ऑडिओच्या यादीत स्टिरिओ (दोन स्पीकरांसाठीचा आवाज) असेल तर तो निवडा. त्याच यादीत भाषाही असते. आपल्या सोलापुरात आजीला तेलुगू, शेजारच्या काकूंना कन्नड आणि पोरांना हिंदी हवी असते. हिंदी डबिंग लागलं म्हणून पिक्चर बंद करू नका, आधी यादी उघडून बघा. मूळ भाषा बरेचदा तिथेच सापडते.

लॅपटॉप एचडीएमआयने जोडल्यावर चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमध्येच राहिला, तर स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्ही निवडा. अ‍ॅप अजिबात उघडत नसेल तर टीव्हीची तारीख आणि वेळ तपासा, ती चुकीची असली की सुरक्षित जोडणी होत नाही. आणि कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली 'सगळं फुकट' वाली एपीके (अ‍ॅपची फाइल) टीव्हीत किंवा मोबाइलमध्ये कधीच टाकू नका. ज्या मोबाइलवर बँकेचे ओटीपी येतात, त्यात अनोळखी अ‍ॅप घुसवणं फार महागात पडतं.

एवढं करूनही काही चालत नसेल तर फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. 'लॉस'चा (LOS, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल तर बहुधा कुठेतरी फायबर तुटली आहे किंवा दबली आहे, राउटर दहादा बंद-चालू करून ती जुळणार नाही. तेव्हा नेटवाल्याला जरूर फोन करा आणि "नेट स्लो आहे" असं न म्हणता "लॉसचा लाल दिवा लागलाय" असं सांगा. मग तो माणूस वायर जोडायचं मशीन बरोबर घेऊनच येईल.