ब्रेड लाईन (गळाची विणलेली दोरी) रीलच्या स्पूलवर घसरते? आधी थोडी तंगूस गुंडाळा

हतनूर धरणावर चांगला मासा लागला, ड्रॅग (रीलचा ब्रेक) फुल टाईट, हँडल फिरवतोय फिरवतोय पण दोरी काही येईना, मला वाटलं रील गेली. खोलून पाहिलं तर रील एकदम ओके, सगळी ब्रेडच स्पूलवर जागच्या जागी गोल फिरत होती. ब्रेड गुळगुळीत, ती धातूला धरतच नाही.

आता मी असं करतो:

1. स्पूलवर आधी साध्या तंगूसचा (नायलॉनची एकसंध दोरी) एक थर, 8-10 मीटर पुरते. तंगूस नसेल तर वायरिंगच्या चिकटपट्टीचा एक वेढा मारा, तेपण चालतं.

2. तंगूसला ब्रेड डबल युनी गाठीने जोडा. तंगूसकडून 4-5 वेढे, ब्रेडकडून 7-8. आवळण्याआधी गाठ ओली करा.

3. खरं काम इथे आहे. ब्रेड विकत येते त्या रिळात पेन्सिल घालून घरातल्या कोणाला तरी धरायला बसवा (माझा पुतण्या कुरकुर करतो पण बसतो), आणि दोरी ओल्या बागायती रुमालाच्या चिमटीतून घट्ट ओढत भरा. सैल भरली की पुढच्या फेकीला गुंता झालाच समजा, नाहीतर मासा ओढायला लागला की वरची दोरी खालच्या थरात रुतते.

4. स्पूलच्या काठाच्या 2-3 मिमी खाली थांबा.

फक्त एक, गाठ आवळताना ब्रेड उघड्या बोटाला गुंडाळू नका, ब्लेडसारखी कापते. काडीला गुंडाळून ओढा.