माईक बंद पडला तरी चालेल असं गाणं

गिटारवर जी, सी आणि डी या तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) येत असतील तर निषेधाचं गाणं बांधायला बसा. चौथी कॉर्ड शिकेपर्यंत संप मिटलेला असतो.

सुरुवातीला नव्या चालीच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेत आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेच्या चौकसभांमध्ये सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचा बँड भजनं वाजवायचा आणि भाषणं त्या आवाजात बुडवायचा. कामगारांनी त्याच भजनांवर आपले शब्द बसवले. १९११ मध्ये याच संघटनेचा गीतकार जो हिल याने तेच केलं. चाल लोकांना पाठच होती, शिकायचे फक्त शब्द.

कडव्यात ‘व्यवस्था’, ‘शोषण’ असले शब्द आले की मी खोडतो. कुणाचा पगार, किती महिन्यांचा, कुठल्या गेटवर अडवलं, ते लिहा. ‘तीन महिने पगार नाही’ ही अख्खी ओळ झाली, तिला उपमा कशाला?

खरी मेहनत ध्रुवपदावर. माझं पहिलं ध्रुवपद ‘गेटवरचं कुलूप’ या शब्दांवर संपायचं. खोलीत छान वाटलं होतं. मोर्चात मात्र ‘प’ला सगळ्यांचे ओठ मिटले आणि आवाज तिथेच मेला. मग ते ‘कुलूप काढा, दार उघडा’ असं केलं. शेवटी ‘आ’ आला, तोंड उघडंच राहिलं, मागच्या रांगेनेही ओढून धरलं. दुसरी चूक पट्टीची. मी माझ्या गळ्याला सोयीची उंच पट्टी धरली होती, लोक नुसते माझ्याकडे बघत राहिले. ध्रुवपद पाच-सहा सुरांत बसवा आणि चालत चालत म्हणून बघा. धाप लागली तर ओळ लांब आहे.

वाजवताना कडव्याला उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या पेटीवर जिथे टेकतात तिथे) तारांवर टेकवून फक्त खाली स्ट्रोक मारा, ध्रुवपदाला हात मोकळा सोडा. फोक-पंकचा, म्हणजे लोकगीत आणि पंक रॉकच्या मिश्रणाचा, निम्मा जोर या फरकातच आहे. माईक नसेल तर भिंतीकडे पाठ करून उभं राहा, आवाज पुढे फेकला जातो.

तार तुटणारच, माझी बहुतेक वेळा सगळ्यात बारीक असते ती. जादा तार खिशात ठेवा, पण गाणं चालू असताना बदलायला जाऊ नका. टाळीवर घ्या. लोक लय वाढवतात तेवढी मात्र आवरा, नाहीतर पुढच्या कडव्याला तुमचीच जीभ अडखळते.