'द डे ऑफ द ट्रिफिड्स' आज कशी वाचावी

जॉन विंडम यांची १९५१ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी माणसे मारणाऱ्या चालत्या झाडांची गोष्ट म्हणून हाती घेणाऱ्याचा बहुधा विरस होतो, कारण ही तीन पायांची झाडे बराच काळ कुंपणाआडच थांबलेली असतात आणि खरा अनर्थ त्यांच्यावाचूनच घडून गेलेला असतो. हिरव्या उल्कांचा वर्षाव पाहिलेले जवळपास सगळे जग एका रात्रीत आंधळे होते. डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे बचावलेला बिल मेसन लंडनच्या रुग्णालयात बुधवारी सकाळी जागा होतो, तेव्हा बाहेर रविवारसारखी शांतता असते. हे पहिले प्रकरण एका बैठकीत, आणि त्यातल्या आवाजांकडे लक्ष देऊन वाचावे.

दुसऱ्या प्रकरणात कथा थांबते आणि ट्रिफिडांचा, म्हणजे या चालत्या झाडांचा, पूर्वेतिहास सुरू होतो. पुष्कळ जण येथे पाने उलटतात. तसे करू नये. या झाडांपासून उत्तम तेल मिळते म्हणून माणसानेच त्यांची शेती केली, हे येथे कळते. माणसाची दृष्टी गेली तर त्याचे श्रेष्ठत्वही जाईल, कारण ट्रिफिडाला डोळ्यांवाचून जगण्याची सवयच आहे, हे बिलचा सहकारी वॉल्टर याचे बोलणेही येथेच येते. पुढच्या सगळ्या पडझडीचा पाया त्यात आहे.

काळाचे भान ठेवणे आवश्यक आहे. दुकानातला माल उचलताना बिलचे मन कचरते, हे आज कोणाला भाबडेपणाचे वाटेल. पण दुसरे महायुद्ध संपून सहा वर्षे झाली तरी ब्रिटनमध्ये शिधावाटप चालूच होते आणि ते १९५४ पर्यंत टिकले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या शस्त्रसज्ज उपग्रहांविषयी बिल उत्तरार्धात जो तर्क मांडतो, तो पहिला कृत्रिम उपग्रह सुटण्याच्या सहा वर्षे आधी लिहिला गेला होता, हेही लक्षात ठेवावे.

आजच्या वाचकाला सर्वांत जास्त खटकतात ती अंधांची आणि स्त्रियांची चित्रे. कादंबरीतले अंध लोक बहुतेक असहाय घोळका म्हणून येतात. अचानक आलेल्या अंधत्वाचे हे वर्णन आहे असे म्हणून लेखकाची थोडी बाजू घेता येईल, पण पूर्ण नाही. बचावलेल्यांच्या सभेत नव्या विवाहनीतीवर होणारे भाषण आणि टिनशॅम या खेड्याकडच्या वाड्यात मेणबत्तीच्या उजेडात बसलेल्या मुलीला कोकरने, म्हणजे अंधांची बाजू घेणाऱ्या पुढाऱ्याने, यंत्रावरून सुनावलेले बोल, हे दोन प्रसंग मात्र एकापाठोपाठ ठेवून पाहावेत. पहिल्यात स्त्रीवर अपत्यनिर्मितीचे ओझे टाकले जाते, तर दुसऱ्यात यंत्र न समजण्याची तिची सवय समाजानेच लावली आहे असे सुचवले जाते. या विसंगतीचे उत्तर विंडम देत नाहीत, आणि माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत जिवंत भाग तोच आहे.

विज्ञानकथालेखक ब्रायन ऑल्डिस यांनी या प्रकारच्या लेखनाला 'उबदार आपत्ती' अशा अर्थाचे नाव देऊन टोमणा मारला होता. तो पटतो की नाही, हे कोकर डोळस माणसांना अंधांच्या टोळ्यांशी बेड्यांनी जखडतो तो भाग वाचून ठरवावे. १९६२ चा चित्रपट मात्र पुस्तक संपेपर्यंत दूर ठेवावा. त्यात समुद्राचे पाणी या झाडांचा निकाल लावते, आणि इतकी सोपी सुटका कादंबरीत कोणाच्याच वाट्याला येत नाही.