१०९९-आर भरलात, पण राज्याचं पान पाहिलंत का?

अमेरिकेत पेन्शनचा १०९९-आर (वर्षभरात निवृत्तीची किती रक्कम मिळाली ते सांगणारा फॉर्म) टॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला, फेडरलचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कराचा, आकडा जुळला, की आपण सुटकेचा निःश्वास सोडतो. जरा थांबा. राज्याच्या भागात 'ही पेन्शन कुणाकडून?' असं विचारतात, ते घाईत वगळू नका. न्यूयॉर्कमध्ये तिथल्या राज्य सरकारची किंवा फेडरल पेन्शन पूर्ण करमुक्त. खासगी पेन्शन आणि आयआरएला (स्वतः उघडलेलं निवृत्ती-बचत खातं) मात्र साडेएकोणसाठ वर्षांनंतर माणशी वर्षाला २०,००० डॉलरपर्यंतच सूट. पर्याय चुकला तर सॉफ्टवेअर बिचारं मुकाट्यानं जास्त कर लावतं. सूट माणशी असल्यानं नवरा-बायकोचे फॉर्म ज्याच्या-त्याच्या नावावरच टाका. इलिनॉयमध्ये ४०१(के) (नोकरीतून मिळणारं निवृत्ती-बचत खातं), आयआरए, सोशल सिक्युरिटी (केंद्र सरकारचं निवृत्तिवेतन), कशालाच राज्याचा कर नाही. कॅलिफोर्निया सोशल सिक्युरिटी सोडते, ४०१(के) सोडत नाही.