पाठीच्या कण्यातील सिस्टचा एमआरआय वाचताना या चुका टाळा

टी-टू, म्हणजे द्रव पांढरा दाखवणाऱ्या, चित्रात गोल, पांढरीशुभ्र गाठ दिसली की नवशिक्या रेसिडेंटला शोध संपल्यासारखे वाटते आणि रुग्णाच्या सगळ्या दुखण्याचे खापर तो तिच्यावरच फोडतो. टारलॉव्ह सिस्टच्या बाबतीत हे इतक्या वेळा पाहिले आहे, की त्याविषयी शांतपणे लिहिणे मला जड जाते. १९३८ साली टारलॉव्ह यांनी वर्णन केलेल्या या द्रवाने भरलेल्या गाठी सेक्रममध्ये (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडात), मुख्यतः एस-२ आणि एस-३ च्या नर्व्ह रूटवर (नसेच्या मुळावर) असतात आणि बहुतेकांना त्यांचा काडीचाही त्रास नसतो.

काही वर्षांपूर्वी साठीच्या एक बाई बाहेरचा रिपोर्ट घेऊन आल्या. त्यात डाव्या एस-२ वरील टारलॉव्ह सिस्ट ठळक अक्षरांत होती आणि शस्त्रक्रियेची बोलणीही झाली होती. बाईंची कळ मात्र उजव्या पायात, पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत जात होती. गाठ डावीकडे आणि दुखणे उजवीकडे, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. अ‍ॅक्सिअल काप, म्हणजे आडवे छेद, फक्त डिस्कपुरते (मणक्यांमधल्या चकतीपुरते), प्रत्येकी तीन, तिरके घेतलेले होते. एल-३ (कमरेचा तिसरा मणका) पासून एस-१ पर्यंत सलग काप घेतल्यावर एल-४ आणि एल-५ मधल्या उजव्या फॅसेट सांध्याला (मणक्यांना मागून जोडणाऱ्या सांध्याला) चिकटलेली, वाटाण्याएवढी, काळ्या कडेची सायनोव्हियल सिस्ट (सांध्याच्या अस्तरातून आलेली गाठ) दिसली. तिने एल-५ ची नर्व्ह रूट दाबली होती. आतील द्रव पुरता पांढरा नव्हता, कारण अशा गाठीत रक्त किंवा प्रथिने मिसळलेली असू शकतात. जुन्या सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदांच्या) मालिकेतील अगदी काठच्या एका कापात ती अर्धवट होतीच, पण तिथवर कोणी गेले नव्हते.

तेव्हापासून माझी सवय अशी, की चित्रे उघडण्याआधी दुखण्याची बाजू आणि ते कुठवर उतरते हे कागदावर लिहायचे आणि जुना रिपोर्ट शेवटी वाचायचा. फॅसेट सांध्यावर संशय असेल तर डिस्कपुरते काप मी चालवून घेत नाही.

दुसरी आवडती चूक म्हणजे सॅजिटल चित्रात कॉर्डच्या (मज्जारज्जूच्या) मधोमध दिसणाऱ्या बारीक सरळ रेघेला सिरिंक्स (कॉर्डमधली द्रवाची पोकळी) म्हणणे. ती अनेकदा गिब्ज आर्टिफॅक्ट, म्हणजे चित्र तयार होताना उमटलेली खोटी रेघ, असते. अ‍ॅक्सिअलमध्ये सापडली नाही, तर फेज दिशेतील (चित्र मोजण्याच्या दोन दिशांपैकी एकीतील) मॅट्रिक्स, म्हणजे ठिपक्यांची संख्या, वाढवून किंवा फेजची दिशा बदलून मालिका पुन्हा घ्यावी. सिरिंक्स खरीच निघाली, तर कियारीसाठी (लहान मेंदूचा खालचा भाग मानेकडे उतरण्याचा दोष) सेरेबेलमचे टॉन्सिल, म्हणजे तोच खालचा भाग, पाहावेत आणि कारण उघड नसेल तर ट्यूमर नाकारण्यासाठी काँट्रास्ट (गाठ उजळवणारे, शिरेतून द्यायचे औषध) द्यावा.

काँट्रास्टशिवाय ‘साधी सिस्ट’ लिहिण्याची घाई करू नये. आतून पोकळ झालेला श्वानोमाही (नसेच्या आवरणाचा ट्यूमर) तसाच दिसतो आणि आपल्याकडे कडेने उजळणारा, पुवाने भरलेला क्षयाचा कोल्ड अ‍ॅब्सेस विसरून चालत नाही. पाठीच्या मधल्या भागात कॉर्ड पुढे सरकलेली दिसल्यास अरॅक्नॉइड सिस्ट (कॉर्डच्या आवरणातील द्रवाची पिशवी) आणि कॉर्डचे हर्निएशन (आवरणाच्या छिद्रातून कॉर्ड बाहेर येणे) यांतला फरक नेहमीच्या जाड कापांत क्वचितच कळतो, तिथे पातळ कापांची सीआयएसएस (द्रव आणि कॉर्डची सीमा बारकाईने दाखवणारी) मालिका घ्यावी.

मणक्यांची पातळी अंदाजाने लिहू नये. एल-५ सेक्रमला जोडलेला असला की खालून मोजलेला आकडा चुकतो, म्हणून मी सी-२ (मानेचा दुसरा मणका) पासून खाली मोजतो. त्यासाठी संपूर्ण कण्याचा लोकलायझर (आधी घ्यायचे झटपट चित्र) लागतो आणि तो घ्यायला जेमतेम मिनिटभर जाते. ते मिनिट वाचवणाऱ्या सेंटरची पातळी मी पुन्हा मोजल्याशिवाय सर्जनला कळवत नाही.