फिनेस जिग आणि वर्म : बास स्पर्धेला निघताना या चुका टाळा

अमेरिकेत बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवण्याच्या बहुतेक स्पर्धांत दिवसाअखेर पाच माशांचं वजन होतं, तेही जिवंत. थंडीची लाट येऊन गेली, पाणी काचेसारखं नितळ झालं किंवा एकाच खडकावर सकाळपासून दहा बोटी फिरून गेल्या, की बास मोठ्या, खळबळ करणाऱ्या आमिषाला तोंड लावत नाही. मग बारीक जिग (डोक्याशी वजन ओतलेला हुक) आणि चार-पाच इंची वर्मची (मऊ प्लास्टिकच्या गांडुळाची) पाळी येते. यालाच फिनेस म्हणतात. एवढं करूनही मासा सुटला, की लोक वर्मचा रंग बदलत बसतात. रंगाचा दोष क्वचितच असतो. आमिष नाजूक आणि बाकी सामान दांडगं, हा विजोड संसार बहुधा नडतो.

दांडगा रॉड, बारीक हुक

नेड रिग (छोट्या हेडवर आखूड वर्म), ड्रॉप शॉट (वजन खाली, हुक त्याच्या वर) आणि वॅकी रिगचे (वर्मच्या मधोमध हुक) हुक पातळ तारेचे असतात. हेवी रॉड आणि आवळलेला ड्रॅग (लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) लावून झटका दिला, की तार उघडते. उलट, जाड तारेचा जिग मऊ रॉडला बांधला तर टोक जबड्यात शिरतच नाही. बोटीजवळ मासा तोंड उघडतो आणि जिग अलगद बाहेर. म्हणून मासा सुटल्यावर आधी हुक पाहा. हुक उघडला असेल तर रॉड किंवा ड्रॅग जड आहे. हुक जसाच्या तसा असेल, तर टोक नखावर घासून बघा. नखावरून घसरलं तर ते बोथट झालंय. नखात अडलं तर जोर कमी पडतोय.

दोन रॉडमध्ये बहुतेक काम भागतं. पहिला स्पिनिंग (रीळ न फिरता लाइन सुटते) : ६ फूट १० इंच ते ७ फूट १ इंच, मीडियम-लाइट, टोक फास्ट (फक्त शेंड्याशी वाकणारं), २५०० आकाराचं रील, १० ते १५ पौंडी ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे आठ-दहा फूट ६ ते ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या लाइनचा) तुकडा, म्हणजे लीडर. दुसरा ७ फुटी बेटकास्टिंग (फेकताना रीळच फिरतं), १० ते १२ पौंडी फ्लुरोकार्बनसह, ५/१६ औंस आणि त्यावरच्या जिगसाठी. पाव औंसाखालचा जिग बेटकास्टरवर फेकायचा हट्ट धरू नका. रीलवर गुंता सोडवण्यातच सकाळ जाईल.

कोकणात जिताडा गरवलेल्या माणसाच्या हातात जोरदार झटका मुरलेला असतो. इथे तो विसरावा लागतो. चावा कळला की आधी ढिली लाइन गुंडाळा, वजन जाणवलं की रॉड आडवा, एका लयीत ओढा. ड्रॅग बोटांनी अजमावू नका. लाइन रॉडच्या सगळ्या कड्यांतून काढून टोकाला वजनकाटा अडकवा आणि ओढा : ६ पौंडी लीडरला दीड ते दोन पौंडांवर ड्रॅग सुटायला हवा.

जिगची काथ्याकूट

दुकानातला जिग तसाच पाण्यात टाकणं ही दुसरी चूक. हुकच्या टोकावर झुडपांत अडकू नये म्हणून तंतूंचं कुंपण असतं. ते जाड लाइनच्या हिशेबाने बनवलेलं असेल, तर ८ पौंडी लाइनवर मासा चावतो, पण कुंपण दबत नाही. अंगठ्याने दाबून बघा. सहज मान टाकत नसेल तर मुळाशी एकाआड एक तंतू कापा, आणि उरलेल्यांची उंची हुकच्या टोकाच्या जरा वर ठेवा. एकदम जास्त कापलेलं परत येत नाही, तेव्हा दोन-दोन तंतू.

स्कर्टचंही, म्हणजे जिगभोवतीच्या तंतूंच्या झालरीचंही, तेच. लांब स्कर्टची टोकं चावून मासा निघून जातो. हुकच्या वाकाच्या किंचित पुढे स्कर्ट संपेल असा कापा. अमेरिकेच्या ओझार्क डोंगराळ भागात, टेबल रॉकसारख्या तलावांवर, मानेजवळचे काही तंतू आखूड ठेवायची पद्धत आहे. ते ताठ उभे राहतात आणि जिग थांबला तरी फुललेला दिसतो. हुकवर मागे लावायचा मऊ प्लास्टिकचा ट्रेलर लहान असू द्या. मोठ्या नांग्यांचा ट्रेलर जिगला छत्रीसारखा धरून ठेवतो, मग ‘जिग तळाला जात नाही’ अशी तक्रार होते.

वजन, वारा आणि उभा न राहणारा वर्म

हलकं तेच चांगलं, हे अर्धसत्य आहे. शांत पाण्यात, सहा-आठ फुटांवर १/१६ औंसाचं नेड हेड उत्तम. वारा सुटून लाइनला पोट आलं, की तळ कळेनासा होतो. तळ जाणवेल असं सगळ्यांत हलकं वजन हा खरा हिशेब. त्यासाठी १/८, ३/१६ आणि पाव औंस तिन्ही डब्यात हवेत. वीस-तीस फुटांवरच्या ड्रॉप शॉटला ३/८ औंसही जड नाही.

शेकी हेडवर (तळाशी वर्मची शेपटी उभी ठेवायच्या जिगवर) वर्म आडवा पडत असेल तर वर्म तपासा. मीठ भरलेला स्टिक वर्म बुडतो, तो शेपटी उभी करणार नाही. त्याला वॅकी लावा आणि शेकी हेडला तरंगणारा वर्म घ्या.

पीळ आणि गाठ

वर्म वाकडा ओवला की गुंडाळताना गिरक्या घेतो आणि लाइन पिळते. हुक वर्मच्या शेजारी धरून तो कुठे बाहेर येणार तिथे नखाने खूण करा, मगच ओवा. फेकल्यावर बेल (स्पिनिंग रीलची तारेची कडी) हँडल फिरवून न मिटवता हाताने मिटवा. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवू नका. पीळ पडलाच तर आमिष काढून लाइन चालत्या बोटीमागे पन्नास यार्ड सोडा आणि चिमटीत धरून परत भरा.

लाइन तुटली तर टोक वाचा. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं टोक म्हणजे गाठ सरकली. खरबरीत, पांढुरकं टोक म्हणजे खडकावर किंवा झेब्रा शिंपल्यांवर घासलं. दर काही माशांनंतर शेवटचे दोन फूट बोटांत फिरवून कापत जा. फ्लुरोकार्बनची गाठ थुंकीने ओली करून हळू आवळा, कोरडी आवळली की घर्षणाने भाजते. ड्रॉप शॉटला पालोमार गाठ बांधल्यावर लाइनचं शेपूट हुकच्या टोकाच्या बाजूने परत डोळ्यातून खाली ओवा, म्हणजे हुक आडवा उभा राहतो. खालचं वजन त्याच्या चिमट्यातच धरू द्या. तिथे पक्की गाठ मारली तर वजन अडकल्यावर वर्मही जातो.

डब्यातली चूक

इलाझटेक नावाच्या चिवट, ताणणाऱ्या प्लास्टिकचे तरंगणारे वर्म नेहमीच्या सॉफ्ट प्लास्टिकसोबत एका कप्प्यात ठेवू नका. दोन्ही वितळून चिकटतात. मूळ पाकीट फेकू नका, हे एवढ्याचसाठी.

आणि राज्याचा नियम पाहा. न्यू हॅम्पशायरच्या गोड्या पाण्यात एक औंस किंवा त्याखालची शिशाची वजनं आणि जिग चालत नाहीत, कारण लून पक्षी ती गिळून मरतात. फिनेसचं बहुतेक शिसं याच मापात बसतं. शिशाऐवजी टंगस्टन घेतलं तर महाग पडतं, पण तेवढ्याच वजनाला आकार लहान आणि खडकावर टकटक हातात स्पष्ट येते. स्पर्धेच्या आदल्या रात्री नव्हे, सराव सुरू करण्याआधीच डबा बदला. टंगस्टनचं हेड वेगळ्या मापाचं असतं आणि त्याच्याशी वर्म पुन्हा जुळवावा लागतो.